दूरस्थ म्हणजे बेवारस नव्हे

'पॅरालीगल' हा शब्द आपल्या संघटनांना नवा नाही. पोलीस चौकीत तक्रार लिहून घ्यायला लावणारी, पोटगीच्या अर्जाला कोणते कागद जोडायचे ते सांगणारी, तारखेला बाईबरोबर कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर बसून राहणारी कार्यकर्ती म्हणजे आपली पॅरालीगल. २००९ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं पॅरालीगल व्हॉलंटियरची योजना काढली आणि या कामाला सरकारी ओळखपत्र मिळालं. मानधन तुटपुंजं, पण निदान तिला नाव आहे, आणि ती कोणासाठी काम करते हे सगळ्यांना ठाऊक आहे.

या लेखात जिच्याबद्दल लिहायचं आहे त्या पॅरालीगलला यातलं काहीच नाही. ती आपल्याच शहरात दोन खोल्यांच्या घरात रात्री कॉम्प्युटर लावून बसते आणि अमेरिकेतल्या एका वकिलाच्या अशिलांचे दिवाळखोरीचे अर्ज तयार करते. ती बी.कॉम. असते, कधी एलएल.बी. असते. तो वकील तिनं पाहिलेला नसतो. मध्ये एक एजन्सी असते, तिचाही पत्ता नीट माहीत नसतो. तिच्या हुद्द्याला 'रिमोट पॅरालीगल' म्हणतात, म्हणजे दूरस्थ.

अमेरिकेतल्या लहान वकिलांना आज सर्रास सल्ला दिला जातो: ऑफिसात पगारी पॅरालीगल कशाला ठेवता? दूरची ठेवा. टेबल-खुर्ची नको, आरोग्यविमा नको, रजा नको. काम असेल तेव्हा द्या, नसेल तेव्हा पैसे देऊ नका. सल्ला देणारे याला कार्यक्षमता म्हणतात. आमच्या मते हे जबाबदारी झटकणं आहे. काम दूर गेलं याला आमची हरकत नाही. कामाबरोबर जबाबदारी का गेली नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि तो फक्त इथल्या बाईच्या मजुरीचा प्रश्न नाही. तिथल्या कर्जबाजारी बाईच्या सुटकेचाही आहे.

हे काम असतं तरी काय?

आधी काम समजून घेऊ, कारण 'नुसतं टायपिंग तर आहे' असं म्हणूनच त्याची किंमत पाडली जाते.

अमेरिकेत कर्जात बुडालेल्या साध्या माणसाला १९७८ च्या दिवाळखोरी कायद्याखाली न्यायालयात अर्ज करता येतो. त्या कायद्याची दोन प्रकरणं सामान्य माणसाच्या उपयोगाची आहेत. सातव्या प्रकरणाखाली, कायद्यानं राखून ठेवायची मुभा दिलेल्या वस्तू सोडून बाकीची मालमत्ता विश्वस्ताच्या हाती जाते आणि बहुतेक बिनतारण कर्जं माफ होतात. तेराव्या प्रकरणाखाली तीन ते पाच वर्षांचे हप्ते बांधून मिळतात आणि राहतं घर वाचवायची संधी मिळते. अर्ज दाखल झाला की साधारणपणे त्या क्षणापासून वसुलीला स्थगिती असते. धनकोंचे फोन थांबतात, पगारावरची जप्ती थांबते, घराचा लिलाव थांबतो.

पण हा दरवाजा कागदांनी उघडतो. मालमत्तेची यादी, राखून ठेवायच्या वस्तूंची यादी, तारण कर्जांची आणि बिनतारण कर्जांची यादी, सहकर्जदारांची यादी, मिळकतीचा तक्ता, घरखर्चाचा तक्ता, मागल्या व्यवहारांचं निवेदन. अर्जाआधीच्या ६० दिवसांत मिळालेल्या पगाराच्या पावत्या. प्राप्तिकराचं विवरणपत्र. त्यात २००५ साली, बँका आणि क्रेडिट कार्ड कंपन्यांनी अनेक वर्षं लावलेल्या रेट्यानंतर, अमेरिकी संसदेनं कायदा आणखी कडक केला. मिळकतीची चाचणी आली. अर्जापूर्वी कर्ज-समुपदेशन घेण्याची सक्ती आली. कर्जमुक्ती मिळण्यापूर्वी पैशाचं नियोजन शिकवणाऱ्या वर्गाची सक्ती आली. कागद वाढले तसा वकिलाचा खर्चही वाढला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००८ च्या अहवालानुसार सातव्या प्रकरणाच्या अर्जासाठी वकिलाची सरासरी फी २००५ च्या सुरुवातीला ७१२ डॉलर होती, ती २००७ मध्ये १,०७८ डॉलर झाली. न्यायालयाचं शुल्क वेगळं. ते डिसेंबर २०२० मध्ये ३३८ डॉलर झालं. म्हणजे आपण कंगाल आहोत हे सिद्ध करायलाही आधी पैसे जमवावे लागतात.

कागदांचा हा डोंगर कोणीतरी उपसायला हवा होता. तो उपसायला दूरची बाई सापडली.

ती बँकेचे उतारे वाचते. धनकोंची नावं-पत्ते जुळवते. पावत्यांवरून सहा महिन्यांच्या मिळकतीची सरासरी काढते. मोटारीवर किती कर्ज उरलंय ते पाहते. घरखर्चाच्या तक्त्यात अन्न, औषधं, कपडे, मुलांचा सांभाळ असे रकाने भरते. यातला एखादा धनको यादीतून सुटला तर ते कर्ज माफ झालं की नाही याचा वाद पुढे उभा राहू शकतो. राखून ठेवायची वस्तू त्या यादीत लिहायची राहिली तर विश्वस्त तिच्यावर हात ठेवू शकतो. आणि या सगळ्या कागदांवर कर्जदार बाई शपथेवर सही करते. चूक टायपिंगची असली तरी खोटी माहिती दिल्याचा ठपका तिच्यावर येऊ शकतो.

याला नुसतं टायपिंग म्हणायचं? १९८९ मध्ये मिसुरी विरुद्ध जेन्किन्स या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पॅरालीगलच्या वेळेची आकारणी बाजारभावानं करता येते असं मान्य केलं. तिथल्या दिवाळखोरीच्या कायद्यातही वकिलाबरोबर त्याच्या पॅरालीगलच्या कामाचा मोबदला मोजायची तरतूद आहे. म्हणजे वकिलानं बिल लावायचं असेल तेव्हा हे कायद्याचं काम. बाईला पैसे द्यायचे असतील तेव्हा ते टायपिंग.

रात्र कोणाची, घर कोणाचं?

आमच्या सल्ला केंद्रात गेल्या काही वर्षांत असं काम करणाऱ्या बाया आल्या. मजुरीची तक्रार घेऊन त्यांच्यापैकी कोणीच आली नव्हती. सगळ्या घरातल्या भांडणाची तक्रार घेऊन आल्या होत्या. एकीचा नवरा विचारत होता, रात्र-रात्र कोणाशी बोलत असतेस? दुसरीच्या सासूचं म्हणणं, घरातच तर असते, मग दुपारी झोपते कशाला? तिसरीची तीन महिन्यांची रक्कम एजन्सीनं 'अर्जात चुका निघाल्या' असं सांगून अडकवली होती, आणि ही गोष्ट तिनं तिसऱ्या भेटीत उठता उठता सांगितली. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला शिकवतात की माणूस जी समस्या घेऊन येतं ती आणि त्यामागची मूळ समस्या यांत फरक करा. इथे मूळ समस्या कामाच्या अटींची होती, आणि ती नवरा-बायकोच्या भांडणाच्या वेषात आमच्या नोंदवहीत उतरली होती. अशा आणखी किती नोंदी आपल्या सगळ्यांच्या वह्यांमध्ये पडून असतील?

वेळेचा हिशेब पाहा. न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. तिथले पाच म्हणजे इथली पहाटेची साडेतीन. वकील कॅलिफोर्नियाचा असेल तर रात्री साडेदहा ते सकाळी साडेसहा. साडेसहाला पाणी भरायचं, सातला मुलांचे डबे. घरातली ही पाळी कुठल्याच करारात लिहिलेली नसते, पण ती चुकवायची सोय नसते. ऑफिसला जाणाऱ्या बाईला 'दमून आली' असं निदान म्हटलं जातं. ही कुठे गेलीच नाही, तर दमेल कशी?

आता मजुरी. समजा, एका अर्जाचे हजार रुपये ठरले. कागद वाचून अर्ज भरायला सात तास लागले. मग वकिलाचे प्रश्न आले, कर्जदाराची राहिलेली पावती आली, दुरुस्त्यांत आणखी तीन तास गेले. ते कोणी मोजत नाही. 'ऑनलाइन राहा, काम येईल' म्हणून दोन तास बसून काढले. तेही मोजत नाहीत. सात तासांना भागलं तर तासाचे १४३ रुपये दिसत होते. बारा तासांना भागलं की ८३ उरतात. वीज तिची, इंटरनेट तिचं, कॉम्प्युटरचा हप्ताही तिचाच.

सोलापूरच्या, सिन्नरच्या विडी कामगार बायांना हा हिशेब परका वाटणार नाही. पानं भिजवायला आणि कापायला लागलेला वेळ मजुरीत धरायचा नाही, वळून दिलेल्यांतल्या काही विड्या खराब म्हणून बाजूला काढायच्या आणि त्यांचे पैसे कापायचे, ही रीत त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. फरक इतकाच की विडी कामगारांच्या लढ्यांमागून १९६६ चा कायदा आला, त्यात घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं गेलं, आणि कारखानदारांनी त्याला आव्हान दिल्यावर १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा उचलून धरला. 'ती आमची कामगार नाही, ती आपल्या घरी बसून वळते' असं म्हणायची कारखानदारांची वाट तिथे बंद झाली. कॉम्प्युटरच्या वाटेनं तीच पळवाट पुन्हा उघडली आहे.

'घरबसल्या रोजगार'

इथे आपल्याच काही मैत्रिणी म्हणतील, तुम्ही प्रत्येक गोष्टीत शोषण शोधता. ज्या बाईला घराबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, जिचं मूल लहान आहे, जिच्या गावात तिच्या शिक्षणाला काम नाही, तिच्या हातात चार पैसे येतात हे कमी आहे का?

कमी नाही. आमच्याकडे आलेल्यांपैकी एकीनंही 'हे काम सोडायचंय' असं म्हटलं नाही. एकीनं याच पैशातून माहेरी न जाता वेगळी खोली घेतली. म्हणून 'हे काम बंद करा' अशी आमची मागणी नाही, आणि कोणी तशी केली तर आम्ही तिला विरोध करू. पण बाईला घराबाहेर पडता येत नाही हा अन्याय आहे. तो अन्याय आहे तसाच ठेवून त्याच्या आधारानं मजुरी पाडणं म्हणजे तिच्यावर उपकार करणं नव्हे. ती स्वस्त पडते याचं कारण रुपया-डॉलरचा दर हे एकटं नाही. तिच्या घराचं भाडं, तिच्या घरातलं न मोजलेलं काम, मूल आजारी पडलं तर रात्री त्याच्याकडे पाहणारी तिची आई, हे सगळं त्या वकिलाच्या ऑफिसला फुकट मिळतं. ऑफिसची भिंत पडली आणि तिचा खर्च बाईच्या स्वयंपाकघरात येऊन पडला.

दुसरा आक्षेप वकिलांकडून येतो. ते म्हणतात, काम स्वस्तात झालं की गरीब कर्जदाराची फी कमी होते, तुमच्या मागण्यांनी ती वाढेल. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सातव्या प्रकरणात वकील बहुतेक वेळा फी आधीच घेतो, कारण अर्जानंतर त्याची थकलेली फीसुद्धा इतर कर्जांसारखीच माफ होऊ शकते. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरच्या बाईला ते पैसे जमवायला काही महिने लागतात. फी खरोखरच कमी झाली तर आम्हाला आनंद आहे. पण बचत झाली ती कोणाकडे गेली, हे आधी दाखवा. ग्राहकांच्या दिवाळखोरीत फी बहुधा एकठोक ठरलेली असते. आतलं काम हजार मैलांवर गेलं म्हणून ती आपोआप उतरत नाही. अमेरिकन बार असोसिएशननं ऑगस्ट २००८ मध्ये बाहेर दिलेल्या कामाबद्दल एक मत दिलं. त्यात असं आहे की वकिलानं असा खर्च अशिलाला 'खर्च' म्हणून लावला, आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर प्रत्यक्ष खर्च आणि त्याच्याशी निगडित वाजवी व्यवस्थेचा खर्च एवढंच लावावं. 'वकिली सेवा' म्हणून लावला तर मात्र फी वाजवी असली की पुरे. आता कोणता वकील तो 'खर्च' म्हणून दाखवील?

त्यांचाच कायदा काय म्हणतो?

१९९४ मध्ये अमेरिकी दिवाळखोरी कायद्यात ११० वं कलम आलं. वकील नसताना पैसे घेऊन अर्ज भरून देणारे दलाल गरिबांना लुबाडत होते, त्यांना आवर घालायला. असा अर्ज भरून देणाऱ्यानं त्यावर आपलं नाव-पत्ता घालून सही केली पाहिजे. त्यानं कायद्याचा सल्ला देता कामा नये. जाहिरातीत 'लीगल' हा शब्दसुद्धा वापरता कामा नये. मोडलं तर दंड. यातून सूट कोणाला? कर्जदाराच्या वकिलाला, आणि त्या वकिलाच्या थेट देखरेखीखाली काम करणाऱ्या त्याच्या कर्मचाऱ्याला.

हे दोन शब्द नीट वाचा. कर्मचारी. थेट देखरेख.

आपल्या बाईला एजन्सी सांगते, तू कर्मचारी नाहीस, स्वतंत्र कंत्राटदार आहेस. रजा, भत्ता, नोटीस काही मागू नकोस. आणि त्याच बाईनं भरलेला अर्ज न्यायालयात जातो तो वकिलाच्या ऑफिसात तयार झालेला म्हणून. पैसे द्यायच्या वेळी ती कोणाचीच नाही, जबाबदारी दाखवायच्या वेळी ती वकिलाची. व्याख्यांचा कीस वकिलांनी पाडावा. आमचं साधं म्हणणं आहे: दोन्हीकडे एकच उत्तर द्या. ती तुमची कर्मचारी असेल तर कर्मचाऱ्यासारखी वागवा. नसेल तर तिच्याकडून हे काम करून घेऊ नका.

देखरेखीचंही तेच. न्यूयॉर्क शहराच्या वकील संघटनेनं २००६ मध्ये परदेशी काम देण्याबद्दल मत दिलं. २००८ चं राष्ट्रीय मत वर आलंच आहे. दोन्ही मतांचा सूर एकच: काम बाहेर द्यायला हरकत नाही, पण दूर आहे म्हणून वकिलानं देखरेख सैल करू नये. काम करणाऱ्याची पात्रता तपासावी, गोपनीयतेची व्यवस्था तपासावी, अशिलाची गुप्त माहिती बाहेर जाणार असेल तर त्याची संमती घ्यावी. ही मतं सल्लावजा आहेत, पण ती त्यांच्याच घरची आहेत. प्रत्यक्षात देखरेख म्हणजे काय असते? दर काही मिनिटांनी तिच्या पडद्याचा फोटो काढणारं सॉफ्टवेअर. ती किती वेळा माऊस हलवते हे कळतं. तिनं निवडलेला रकाना बरोबर आहे का, हे पाहायला कोणी नसतं. ही पाळत आहे. देखरेख म्हणजे शंका आली तेव्हा विचारायला माणूस असणं.

तसं माणूस नसलं की काय होतं? कुठली वस्तू कुठल्या कलमाखाली राखता येईल, सातव्या प्रकरणात जायचं की तेराव्या, हे ठरवणं वकिलाचं काम आहे. पॅरालीगलनं ते करायचं नाही असा नियम आहे. पण पहाटे दोनला रकाना रिकामा आहे, वकिलाचं उत्तर नाही, सकाळी अर्ज जायचाय. मागच्या अर्जात जे भरलं होतं तेच ती भरते. कधीकधी वकिलाचं लॉगिनही तिच्याकडे असतं. न्यायालयाच्या ऑनलाइन व्यवस्थेत वकिलाच्या खात्यातून त्याच्या संमतीनं त्याच्या नावानं गेलेला कागद ही त्याची सही धरली जाते. म्हणजे सही त्याची, बोट तिचं. आणि चूक निघाली की पैसे तिचे कापले जातात.

पलीकडची बाई

आता त्या अर्जातल्या बाईकडे पाहू. एलिझाबेथ वॉरन या पुढे मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटर झाल्या. त्याआधी त्या हार्वर्डमध्ये दिवाळखोरीचा कायदा शिकवत. २००२ मध्ये तिथल्या स्त्रियांविषयीच्या कायद्याच्या नियतकालिकात त्यांनी लेख लिहून विचारलं, स्त्रियांचा प्रश्न म्हणजे नेमका कोणता? दिवाळखोरीसारखे वरवर स्त्री-पुरुष भेद नसलेले विषय आपण बाजूला का ठेवतो? लाखो बायका, त्यातही एकट्यानं मुलं वाढवणाऱ्या, या न्यायालयांच्या दारात येतात, मग हा प्रश्न आपला कसा नाही?

दिवाळखोरीत बाई दोन्ही बाजूंना असते. ती स्वतः अर्जदार असते, आणि घटस्फोटित नवऱ्यानं अर्ज केला तर ती धनकोही असते. तिथल्या कायद्यानं पोटगी आणि मुलांचा खर्च माफ होत नाही, आणि वाटपात त्या देण्याला पहिल्या क्रमांकाची जागा आहे. २००५ च्या दुरुस्तीनं विश्वस्तावर अशा बाईला तिच्या हक्कांची लेखी सूचना द्यायची जबाबदारी टाकली. पण विश्वस्त सूचना पाठवणार कुठे? अर्जात लिहिलेल्या पत्त्यावर. तो पत्ता भरणारी बाई आपल्या गल्लीत राहते. ती घाईत असली, झोपेत असली, तिला या रकान्याचं महत्त्व कोणी शिकवलं नसलं, तर ओहायोतल्या कुठल्याशा बाईला सूचनाच पोचणार नाही.

आणि तिथल्या कर्जदार बाईला हे माहीत तरी असतं का? तिचा सामाजिक सुरक्षा क्रमांक न्यायालयाच्या खुल्या कागदांत पूर्ण छापला जात नाही, शेवटचे चार अंकच दिसतात, इतका तो जपला जातो. तोच पूर्ण क्रमांक, तिच्या बँकेचे उतारे, तिच्या औषधांचा खर्च इथे एका घरातल्या सामायिक कॉम्प्युटरवर उघडतो, ज्यावर दिवसा मुलगा खेळ खेळतो. उद्या ही माहिती फुटली तर संशय पहिला कोणावर? जिच्याकडे कुलूप लावायला कपाटसुद्धा नाही तिच्यावर.

अर्ज लिहिणारीचा वेळ चोरला की अर्जदाराचा हक्कही चोरला जातो. दोघींची गाठ कधी पडत नाही, म्हणून दोघींच्या तक्रारी वेगवेगळ्या राहतात. याचा फायदा कोणाला, हे सांगायला नको.

आपल्या दारात

आपला कायदा या बाईला कुठे ठेवतो? महाराष्ट्राच्या दुकानं व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात बाईनं रात्री साडेनऊ ते सकाळी सातपर्यंत काम करायचं तर तिची संमती, तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था आणि कामाच्या जागेपासून घराच्या दारापर्यंत वाहन अशा अटी आहेत. आपली बाई घरातच आहे, तेव्हा वाहनाचा प्रश्न नाही, आणि त्याबरोबर मालकाच्या जबाबदारीचाही प्रश्न उरत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. मालकासाठी आपल्या घरी वस्तू तयार करणारा किंवा सेवा देणारा, साधनं कोणाचीही असोत, तो त्यात बसतो. व्याख्या चांगली आहे. पण तिच्यावरून मिळतं ते असंघटित कामगारांच्या योजनांमधलं स्थान. ठरलेल्या तारखेला मजुरी, दुरुस्त्यांचे पैसे, कापाकापीला आळा, हे त्या व्याख्येतून येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ मध्येच घरकामाच्या मजुरीबाबतचा १७७ क्रमांकाचा करार केला. घरी काम करणाऱ्याला इतर पगारदारांसारखीच वागणूक द्या, हे त्याचं सूत्र आहे. भारतानं त्याला मान्यता दिलेली नाही.

आणखी एक गोष्ट या बायांशी बोलताना सारखी टोचते. दुसऱ्या देशातल्या बाईची कर्जातून सुटका करणारे अर्ज ज्या भरतात त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या डोक्यावर स्वतःचं कर्ज असतं: बचतगटाचं, मायक्रोफायनान्सचं, कॉम्प्युटरचं. त्यांच्यासाठी इथे असा दरवाजा आहे का? १९०९ आणि १९२० चे नादारीचे इंग्रजी अमदानीतले कायदे कागदावर आहेत, पण गरीब बाई त्यांच्या वाटेला गेल्याचं आम्ही पाहिलेलं नाही. २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत 'नवी सुरुवात' नावाची तरतूद लिहिली गेली. वार्षिक मिळकत ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत, आणि स्वतःचं घर नको. मर्यादा इतक्या तोकड्या की बहुतेक बाया बाहेरच राहतील. पण तेवढंही अमलात आणलेलं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये व्यक्तींविषयीच्या त्या भागातून जे लागू झालं ते कंपन्यांच्या कर्जांना हमी देणाऱ्यांपुरतं. बड्या कर्जांचं दार उघडलं, पस्तीस हजारांचं बंद राहिलं. आणि दिवाळखोरीचे कागद कसे तयार करायचे हे ज्यांना रात्री जागून हातचं पाठ झालं आहे, त्यांचं हे ज्ञान त्यांच्या स्वतःच्या वस्तीत कोणाच्या कामाला येत नाही.

आमच्या मागण्या

ज्या वकिलांना दूरची पॅरालीगल नेमायची आहे त्यांनी खुशाल नेमावी. त्यांच्यासाठी आणि मधल्या एजन्सींसाठी आमच्या मागण्या अशा:

१. करार लेखी आणि बाईच्या नावानं असावा. त्यात वकिलाचं नाव आणि पत्ता असावा. मध्ये एजन्सी असली तरी मजुरीची अखेरची जबाबदारी वकिलाची.

२. मजुरी तासावर ठरावी. दुरुस्त्या, थांबून राहणं आणि शिकणं हे सगळे तास त्यात धरावेत. रात्रपाळीचा भत्ता वेगळा. चूक निघाली म्हणून केलेलं काम फुकट जाऊ नये.

३. पहिल्या अर्जाआधी पगारी प्रशिक्षण द्यावं. कामाच्या वेळात शंका विचारायला नाव माहीत असलेला वकील असावा. प्रत्येक अर्ज वकिलानं स्वतः वाचल्याशिवाय दाखल होऊ नये, आणि लॉगिन कोणाच्या हाती देऊ नये.

४. कॉम्प्युटर आणि माहितीची सुरक्षा ऑफिसनं पुरवावी. ती न पुरवता माहिती फुटल्याचा दोष बाईवर टाकू नये.

५. आपले कागद कोण आणि कोणत्या देशात हाताळणार हे कर्जदाराला आधी लेखी सांगावं आणि तिची संमती घ्यावी.

आपल्या संघटनांसाठीही काम आहे. सल्ला केंद्रात आलेल्या प्रत्येक बाईला 'काम करता का?' एवढं विचारून थांबू नका. घरी बसून करता का, कोणासाठी, किती वाजता, पैसे कधी मिळाले, हेही विचारा आणि लिहून ठेवा. 'गृहिणी' असं लिहून पुढे जाऊ नका. या बाया एकमेकींना ओळखत नाहीत. एजन्सी त्यांना एकमेकींचे नंबरही देत नाही. त्यांना एका खोलीत बसवणं, एका अर्जाचा खरा हिशेब फळ्यावर मांडणं, ही सुरुवात आपण करू शकतो. आणि इथल्या कर्जबाजारी बायांसाठी कागद वाचायला, हप्त्यांचे हिशेब तपासायला, २०१६ ची तरतूद लागू करा असा आग्रह सरकारकडे धरायला यांच्याइतक्या तयार पॅरालीगल आपल्याला कुठे मिळणार?

फक्त त्यांना तसं बोलावताना एक लक्षात ठेवूया. पुन्हा फुकट राबायला बोलवायचं नाही.